खैर

खुर्च्या माझ्या होत्या. एवढाच माझा संबंध.
बाराशे. पांढरी खोळ, पाठीला सोनेरी फीत.
शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून तीन खेपांत गेल्या.
गुलजमानने शेवटची खेप उतरवली तेव्हा मगरिबची बांग होत होती
आणि मंचावर कुणीतरी माइक तपासत होतं,
एक, दोन, एक, दोन.
तीन काही शेवटपर्यंत आलं नाही.

हेमकांत भिडकर म्हणाला होता, दाभोळेशेठ, पुण्यकर्म आहे,
मंडणगडला डायलिसिसची सहा यंत्रं बसवायचीत,
भाडं निम्मं लावा.
लावलं.
ते निम्मंही आलं नाही.

हिरो अडीच तास उशिरा आला.
अकरा तिकिटं, त्यात एक केस विंचरणारा
आणि एक नुसता मागे उभा राहणारा.
स्वतःचा काळा चष्मा काढून त्याने लिलावात ठेवला.
तिसऱ्या रांगेत सोन्याच्या पेढीवाल्याचा हात वर गेला:
बावीस हजार दिरहम!
टाळ्या.
मग हात खाली आला, बिर्याणीत गेला.
त्या हाताचा पत्ता अजून एकाही वकिलाला लागलेला नाही.

खरे पैसे काचेच्या पेटीत होते.
तीन हजार चारशे पंधरा.
त्यातले पन्नास शालन निकाळजे नावाच्या नर्सचे,
रात्रपाळीला जायचं म्हणून ती
हिरो यायच्या आधीच उठून गेली होती.
पेटी आता कोर्टात आहे, लाखेचं सील लावून.

हॉटेलने भिडकरवर केस केली,
भिडकरने हिरोच्या मॅनेजरवर, न झालेल्या नाचाची,
हिरोने भिडकरवर, उरलेल्या मानधनाची
आणि झालेल्या मनस्तापाची.
भिडकर एका गुरुवारी मस्कतच्या रस्त्याने जो गेला
तो गेला.
मागे राहिलो खुर्च्या आणि मी.

पुठ्ठ्याचा सहा फुटी चेक माझ्याच गोदामात आहे,
‘तीन लाख दिरहम फक्त’.
दुपारी पोरं त्यावर डबे उघडतात.
लहान चेक बाउन्स झाला.
हा जाडजूड आहे, वाकतसुद्धा नाही.

कोर्टातला दुभाषी मल्याळी, सभ्य माणूस.
जज्जसाहेब विचारतात, तो म्हणाला,
या ‘अमल खैरी’ची परवानगी कुणी काढली होती?
खैर म्हणजे भलं. दानधर्म.
मी मान हलवली.
आमच्याकडे हा शब्द
नेहमी ‘नाही’ला धरूनच येतो,
हे त्याला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

मग त्यांनी फोटो दाखवला.
मंचामागचा बॅनर, उजव्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरं:
सहआयोजक, व्ही. जी. दाभोळे.
फोटो मीच काढलेला. रात्री पावणेबाराला
दापोलीपासून दोह्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना
मीच पाठवलेला.
भाडं निम्मं का लावलं, ते आता कळलं असेल.

परवा विमानतळावर काउंटरच्या मुलीने
पासपोर्ट दोनदा मशीनवर घासला
आणि हळूच, माझ्या बायकोकडे न बघता, परत दिला.
बायको एकटी गेली. भाचीचं लग्न होतं.
मी पार्किंगचे पस्तीस दिरहम भरले.

मंडणगडचे डॉक्टर अजून मेसेज करतात.
त्यांना कुणी सांगितलंच नाही, किंवा सांगितलं
आणि त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.
पेशंट आठवड्यातून तीनदा पहाटेच्या एसटीने
रत्नागिरीला जातात, त्यांतले दोन आता जात नाहीत,
असं लिहितात. का, ते लिहीत नाहीत.
काल खोलीचा फोटो आला.
पाण्याची लाइन झाली. सहा नळ, सहा प्लगपॉइंट,
भिंतीला फिकट हिरवा रंग.
मधोमध एक खुर्ची, रंगाऱ्याची राहिलेली असेल,
अंगभर हिरवे थेंब.

बोटांनी फोटो मोठा करून पाहिला.
माझी नाही.